पिशवीच्या तोंडाशी सापडलेला विषाणू अंगात आणखी कुठे असतो?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे. वय ४१. गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीत 'एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह' (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, टाइप १६) आलं, पॅप (तिथल्या पेशींची तपासणी) मात्र नॉर्मल. तीन वर्षांपूर्वी बाहेरच्या अंगाला चामखिळी आल्या होत्या, त्या जाळून घेतल्या. त्यांचे प्रश्न असे: तोच विषाणू आत गेला का? आता तो तोंडात, घशात, मागच्या बाजूलाही असेल का? सगळीकडची तपासणी करून घेऊ का? सासूबाईंची पिशवी काढलेली आहे, त्यांना आता काही नको ना? मीही पिशवी काढून टाकली तर सुटेन का? आणि मुलगी १३ वर्षांची आहे, तिला माझ्या ताटातलं द्यावं की नको?

ताई, आधी कामाचं सांगते. या रिपोर्टाचा अर्थ तुम्हाला कॅन्सर झालाय असा नाही. पण पॅप नॉर्मल आहे म्हणून तो कपाटात ठेवून द्यायचा, असाही नाही. टाइप १६ असेल तर पॅप कसाही असो, पुढची पायरी कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाचं तोंड भिंगातून बघणं. ती येत्या काही आठवड्यांत करून घ्या. रात्रीत धावाधाव करायची गरज नाही, पण 'मे महिन्याच्या सुट्टीत बघू' असंही करू नका. बाकी सगळं आता सावकाश वाचा.

तुमचा प्रश्न वाचून मला बऱ्याच वर्षांपूर्वीची निपाणीकडची एक बाई आठवली. विड्या वळायचं काम करायची. तिला कुणीतरी सांगितलं होतं, 'तोंडाला व्हायरस आहे.' चार महिने ती घरात वेगळा पेला, वेगळं ताट घेऊन राहिली. नातवाचा मुका घेतला नाही. माझ्यासमोर बसली तेव्हा पदर तोंडावर धरूनच बोलत होती. "मिश्री सोडून दोन वर्षं झाली की हो बाई, तरी तोंडात आलंच." रिपोर्ट होता गर्भाशयाच्या तोंडाचा. आपल्या भाषेत दोन्हीला तोंडच म्हणतात, आणि सांगणाऱ्याने 'पिशवीचं' हा शब्द गिळला होता. तेव्हापासून मी रिपोर्ट समजावताना कागदावर चित्र काढते आणि बोट ठेवून दाखवते, विषाणू इथे सापडला.

हा 'इथे' फार महत्त्वाचा. एचपीव्ही हा एक विषाणू नाही, दोनशेच्या वर भावंडांचं खटलं आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाला राहायला ठरावीक जागा आवडते. तळपायाच्या आणि हाताच्या चामखिळी करणारे टाइप १, २, ४ वेगळे. ते तिथेच राहतात, पिशवीकडे येत नाहीत. शाळेतल्या पोरांच्या बोटांवर चामखीळ दिसली म्हणून कुणी घाबरू नये. जननेंद्रियांच्या भागात राहणारे चाळीसच्या आसपास आहेत. त्यातले डझन-दीड डझन कॅन्सरकडे नेऊ शकतात: १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८, ५९ वगैरे. तुमच्या रिपोर्टात १६ आणि १८ वेगळे लिहून खाली 'इतर हाय रिस्क' अशी एक ओळ असेल, ती या बाकीच्यांची.

आकड्यांबद्दल एक खुलासा करते, कारण दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. १६ म्हणजे सोळावी स्टेज नाही, विषाणूचं प्रमाणही नाही. टाइप जसजसे सापडत गेले तसतसे त्यांना नंबर मिळाले. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूने १९८३ मध्ये १६ आणि १९८४ मध्ये १८ शोधला. त्या कामासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. १६ वाढून १८ होत नाही. ६ वाढून १६ होत नाही.

म्हणजे तुमच्या चामखिळींचं उत्तर इथेच आलं. बाहेरच्या अंगावरच्या दहापैकी नऊ चामखिळी टाइप ६ आणि ११ मुळे होतात. ते कॅन्सरच्या वाटेला जवळजवळ जात नाहीत. तुमच्या चामखिळीतला विषाणू 'आत सरकून' कॅन्सरवाला झाला, असं घडलेलं नाही. एकाच बाईला दोन-तीन टाइप असणं अगदी नेहमीचं आहे, कारण वाट एकच, निकट शरीरसंबंधांत कातडीला कातडी लागण्याची. ते एकाच वेळी आले की दहा वर्षांच्या अंतराने, हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. म्हणून नवऱ्याला जाब विचारण्यासाठी हा रिपोर्ट वापरू नका. लग्नाआधीचा, लग्नानंतरचा, कोणाकडून कोणाला, यातलं काहीही त्यावरून ठरत नाही. हे सांगताना मी शक्यतो दोघांना समोर बसवते. एका कागदापायी मोडायला आलेले दोन संसार मी पाहिलेत.

आता मूळ प्रश्न. पिशवीच्या तोंडाशी आहे, तर बाकी कुठे असेल?

हा विषाणू रक्तात फिरत नाही. त्यामुळे तो शरीरभर पसरत नाही आणि रक्त तपासून सापडतही नाही. तो कातडीच्या किंवा आतल्या अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरात शिरतो. तिथपर्यंत पोचायला त्याला बारीक ओरखडा लागतो, नाहीतर असा भाग लागतो जिथे खालचा थर जवळजवळ उघडाच असतो. असा भाग म्हणजे दोन प्रकारच्या अस्तरांची सीमा. गर्भाशयाच्या तोंडाबाहेर जाड, थरांचं अस्तर असतं आणि आतल्या नळीला पातळ, ग्रंथींचं. जिथे दोन्ही मिळतात ती रेषा कायमची नसते. वयात येताना ती बाहेर सरकते, बाळंतपणात हलते, पाळी गेल्यावर आत जाते. सरकताना मागे जो पट्टा सुटतो तिथल्या पेशी सतत बदलत असतात. टाइप १६ ला हीच जागा मानवते. तिथे तो आपली ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं बनवतो, आणि पेशीची वाढ आवरणारे पी५३ आणि आरबी हे दोन पहारेकरी निकामी करतो. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्क्यांमागे १६ आणि १८ असतात. भारतात हा वाटा आणखी जास्त आहे.

त्याच्या शेजारीच योनीमार्ग. गर्भाशयमुखाशी सापडलेला टाइप बहुतेक वेळा योनीमार्गातही सापडतो. स्राव एकच, अंतर दोन-तीन इंचांचं, दुसरं काय होणार? शिवाय योनीमार्गाचे स्वतःचे असे निरुपद्रवी टाइप असतात, जे गर्भाशयमुखाशी तितकेसे रमत नाहीत. पण योनीमार्गात ती सरकती सीमा नाही, सगळीकडे एकच जाड अस्तर. म्हणून विषाणू भरपूर आणि कॅन्सर दुर्मीळ. नुसतं 'विषाणू सापडला' याला मी एवढ्यासाठीच घाबरत नाही. कुठला टाइप, कुठल्या अस्तरावर, आणि किती वर्षं टिकून, हे तीन प्रश्न मी विचारते. दहापैकी नऊ बायकांच्या शरीरातून तो दोन वर्षांत दिसेनासा होतो. जो टिकतो त्यालाही कॅन्सरपर्यंत पोचायला बहुधा १५ ते २० वर्षं लागतात.

योनीमार्गाच्या या गोष्टीचा एक उपयोग आहे. बाईने स्वतःच, पडद्याआड, योनीमार्गातून घेतलेला स्वॅब पीसीआरच्या (विषाणूचा जनुकीय अंश ओळखणाऱ्या) टेस्टला गर्भाशयमुखाच्या नमुन्याइतकाच विश्वासाने वापरता येतो. आमच्याकडे अथणी, चिक्कोडीकडच्या कित्येक बायका 'डॉक्टर आत बघणार' म्हणून शिबिरातून परत जातात. त्यांच्यासाठी हे मोठं दार उघडलंय. नमुन्यात योनीमार्गातले विषाणूही थोडे मिसळून येतात आणि काही जणींना विनाकारण पुढच्या तपासणीला यावं लागतं, एवढाच तोटा. मला तो परवडतो.

बाहेरच्या अंगाचं गणित निराळं. तिथल्या कॅन्सरच्या दोन वाटा आहेत. तरुण आणि मध्यमवयीन बायकांत, बहुतेक वेळा टाइप १६ मुळे, एकाहून जास्त ठिकाणी उठणारे डाग. आणि साठीनंतर, वर्षानुवर्षं पांढरट पडून खाजणाऱ्या पातळ कातडीतून होणारा कॅन्सर, ज्याचा एचपीव्हीशी संबंध नसतो. या दुसऱ्या वाटेच्या आज्ज्या मला सगळ्यात उशिरा भेटतात. 'वयानं खाज येते' म्हणत पाच-पाच वर्षं खोबरेल आणि मलम लावलेलं असतं. एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह असली तरी महिन्याच्या वर राहिलेली खाज, पांढरा डाग किंवा न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

मागच्या बाजूचा प्रश्न बायका विचारत नाहीत. तुम्ही विचारलात, बरं केलंत. गुदद्वारातही दोन अस्तरांची तशीच सीमा आहे, आणि तिथल्या कॅन्सरपैकी दहातले नऊ एचपीव्हीमुळेच होतात, त्यात १६ सगळ्यात पुढे. हवाईत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २९ टक्के बायकांच्या गर्भाशयमुखाशी आणि २७ टक्के बायकांच्या गुदद्वाराशी एचपीव्ही सापडला. गर्भाशयमुखाशी असणाऱ्यांत मागे असण्याची शक्यता तिपटीच्या वर होती. त्यासाठी तिकडून संबंध आलेला असावाच लागतो असं नाही. स्राव ओघळतात, धुताना-पुसताना हात लागतो. त्यामुळे तिथे विषाणू सापडला म्हणून बाईच्या चारित्र्याचा हिशेब कुणी मांडू नये, डॉक्टरांनी तर नाहीच नाही. इतकं असूनही तिथला कॅन्सर गर्भाशयमुखाच्या मानाने फारच कमी होतो. तुमच्यासारख्या, इतर काही आजार नसलेल्या बाईला तिथली एचपीव्ही टेस्ट मी सांगत नाही. पॉझिटिव्ह आली तर करायचं काही नाही आणि झोप तेवढी जाईल. तिथून रक्त गेलं, गाठ लागली, सतत दुखलं तर मात्र 'मूळव्याध असेल' म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडून बोटाने तपासून घ्या.

एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांना मात्र हा सल्ला लागू नाही. बेळगाव-बागलकोट पट्ट्याने ती साथ जवळून पाहिली आहे, आणि माझ्या ओपीडीत एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) असलेल्या बायका आजही येतात, त्यातल्या बऱ्याच जणींना ती लागण नवऱ्याकडूनच झालेली. प्रतिकारशक्ती कमी असली की एकाच वेळी अनेक टाइप, अनेक जागी, आणि जास्त टिकून राहतात. १५-२० वर्षांची वाट ५-१० वर्षांवर येते. त्यांनी गर्भाशयमुखाची तपासणी तिशीची वाट न बघता २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी करावी आणि मागची जागाही दाखवावी. तिथले कॅन्सरपूर्व बदल वेळीच काढले तर कॅन्सर निम्म्याहून जास्त टळतो, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीतून दिसलं आहे.

आता तोंड, खरंखुरं तोंड. अमेरिकेतल्या १४ ते ६९ वयाच्या लोकांच्या पाहणीत (२००९-१०) तोंडातला एचपीव्ही पुरुषांत १०.१ टक्के आणि बायकांत ३.६ टक्के निघाला, आणि त्यातला टाइप १६ सगळे मिळून फक्त १ टक्का. म्हणजे खाली जो इतका सर्रास, तो वर इतका विरळ. तोंडात त्याची आवडती जागाही एका कोपऱ्यात आहे: टॉन्सिलच्या खाचा आणि जिभेचं मूळ, कारण तिथलं अस्तर जाळीदार असतं आणि खालचा थर उघडा पडतो. गाल, हिरडी, जिभेचा पुढचा भाग ही एचपीव्हीची जागा नव्हे. ती तंबाखूची जागा.

आणि हे मला आपल्या भागासाठी ठासून सांगायचंय. निपाणी-चिक्कोडीकडे तंबाखू शेतात आहे, वखारीत आहे, विडीत आहे आणि बायकांच्या डब्यातल्या मिश्रीत आहे. मी ज्या बायका गालाच्या आणि हिरडीच्या जखमा घेऊन मिरजेला, हुबळीला जाताना पाहिल्या, त्या जवळजवळ सगळ्या मिश्री, तंबाखू, गुटख्याच्या होत्या. परदेशातले लेख वाचून 'तोंडाच्या कॅन्सरचं कारण आता एचपीव्ही' असं इथे कुणी सांगू लागलं, तर मिश्रीला मोकळं रान मिळेल. तुम्हाला घशाची एचपीव्ही टेस्ट नको. तशी स्क्रीनिंग टेस्ट कुठेच शिफारशीत नाही. महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभं राहून गाल, हिरड्या, जिभेच्या कडा बघा. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, मानेत न दुखणारी गाठ, यातलं काही असेल तर दाखवा. सरकारी योजनेत तिशीच्या पुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तिन्हींची तपासणी २०१६ पासून ठरलेली आहे. आरोग्य केंद्रात गेलात की तिन्ही मागून घ्या.

उष्ट्या ताटाने, पेल्याने, एका अंथरुणात झोपल्याने हा विषाणू लागत नाही. मुलीला जवळ घ्या, तुमच्या ताटातलं भरवा.

पिशवी काढण्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण आपल्या भागात हा उपाय फार हाताशी ठेवलेला असतो. पांढरं जातंय, काढा. टेस्ट पॉझिटिव्ह, काढा. पस्तिशीतल्या बायकांच्या पिशव्या या कारणाने गेलेल्या मी पाहिल्या आहेत आणि मला त्याचा राग येतो. पिशवी काढली म्हणजे विषाणूची एक जागा काढली. योनीमार्ग, बाहेरचं अंग, मागची सीमा या तिथेच राहतात आणि विषाणूही राहू शकतो. नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टसाठी पिशवी काढणं हा उपचार नाही.

हुक्केरीकडची एक बाई आली होती. चार वर्षांपूर्वी एका नर्सिंग होममध्ये 'तोंडाला सूज आहे' म्हणून पिशवी काढलेली. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली होती का, हे तिला माहीत नव्हतं, कागदही नव्हता. 'आता पिशवीच नाही, काय व्हायचंय' म्हणून ती निर्धास्त होती. रक्त जायला लागलं तेव्हा योनीमार्गाच्या वरच्या टोकाला, टाक्यांच्या जागी, गाठ होती. ती पिशवी वेळेवर सूक्ष्मदर्शकाखाली गेली असती, तर त्या बाईला आम्ही दरवर्षी बोलावलं असतं.

म्हणून सासूबाईंचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात नाही. पिशवी का काढली ते बघायचं. गाठीसाठी किंवा जास्त रक्तस्रावासाठी, तोंडासकट पूर्ण काढली असेल आणि आधी गर्भाशयमुखाचे कॅन्सरपूर्व बदल कधी नव्हते, तर त्यांना ही तपासणी नको. तोंड मागे ठेवलं असेल तर इतर बायकांसारखीच हवी. आणि कॅन्सरपूर्व बदलांसाठीच काढली असेल, तर वरच्या टोकाची तपासणी पुढे कमीत कमी वीस-पंचवीस वर्षं चालू ठेवायची.

तुमच्या वयाच्या बायकांसाठी या टेस्टचा फायदा काय, हे आपल्याच मुलखात सिद्ध झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर मोठी चाचणी झाली, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने. २००९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ज्या गावांत बायकांची आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट झाली, तिथे आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तुमची टेस्ट झाली आहे. तुम्ही त्या बायकांसारख्याच वेळेत सापडलेल्या आहात.

मुलीला लस द्या, आणि आता द्या. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६, १८ या चार टाइपांवर आहे. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. पंधरा वर्षं पूर्ण झाली की तीन घ्यावे लागतात, म्हणून तुमच्याकडे वेळ थोडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून या वयात एक डोसही पुरेसा मानला आहे. त्यामागे भारतातल्याच मुलींचा दहा वर्षांचा पाठपुरावा आहे, त्यात एका डोसनेही टिकून राहणाऱ्या १६-१८ पासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याचं नुसतं रिकामं कवच असतं. हे संरक्षण पिशवीच्या तोंडापुरतं नाही, योनीमार्ग, बाहेरचं अंग, मागची जागा, घसा, सगळीकडे त्याच टाइपांविरुद्ध चालतं. मात्र आधीच असलेला विषाणू ती घालवत नाही, म्हणून तुमच्या १६ वर तिचा उपयोग नाही. आणि लस घेतली तरी मुलीने तिशीनंतर तपासणी करायचीच.

कोल्पोस्कोपीला पाळीचे दिवस सोडून या. आधीचे दोन दिवस आत कुठलंही औषध ठेवू नका, संबंध टाळा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. आत पातळ व्हिनेगर लावतात, थोडं चुरचुरतं. पांढरा उठणारा भाग भिंगातून बघतात, आणि लागलं तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. डॉक्टरांना सांगा, योनीमार्गाच्या भिंती आणि बाहेरचं अंगही त्याच वेळी बघा. तुमच्या बाबतीत 'सगळीकडची तपासणी' म्हणजे एवढीच. काही निघालं नाही तर वर्षाने पुन्हा एचपीव्ही टेस्ट. कॅन्सरपूर्व बदल निघाले तर तारेच्या वळ्याने तेवढाच भाग काढतात किंवा उष्णतेने जाळतात, भूल बहुतेक वेळा जागेवरचीच आणि त्याच दिवशी घरी. यातले सगळ्यात पुढच्या पायरीचे बदल तसेच सोडले तर तीस वर्षांत दहापैकी तिघींना कॅन्सर होतो, म्हणून ते सोडायचे नाहीत.

संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल. समजला नाही तर नर्सकडून मराठीत वाचून घ्या, सही नंतर करा. तुकडा घेतला असेल तर त्याचा रिपोर्ट कधी मिळणार ती तारीख लिहून घ्या. आणि सासूबाईंच्या ऑपरेशनचे जुने कागद घरात कुठेतरी ट्रंकेत असतील, येताना तेही बरोबर आणा.